पालकांची सही आणणे

आज सकाळी मला तिसरीच्या ऑनलाइन वर्गात बोलणी बसली. वय वर्षं बेचाळीस.

बाईंनी विचारलं, "एकोणसत्तर अधिक चार?" चिरंजीव छताकडे बघत राहिले. मी मोबाईलच्या मागे, बनियनवर, हातात चहा. हळूच म्हणालो, "त्र्याहत्तर." चिरंजीव खणखणीत ओरडले, "सत्तर तीन!" बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९मध्ये ही तऱ्हा आली, जोडाक्षरं मुलांना जड जातात म्हणून. जात असतील. पण माझं डोकं फिरलं. "अरे, सत्तर तीन काय? त्र्याहत्तर म्हण!"

"बाबांनी मध्ये बोलू नये," बाई म्हणाल्या.

मी गप्प बसलोही असतो. पण एका चौकोनात नुसतं एक कपाळ आणि वर फिरणारा पंखा दिसत होता, तिथून आवाज आला, "बाई, गृहस्थ बरोबर बोलतायत. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. सत्तर तीन वर्षांचा नाही."

"आजोबा, माइक बंद करा."

"कुठला माइक? अहो गृहस्थ, तुम्ही मूळचे कुठले?"

वडीलधाऱ्या माणसाने विचारलं की सांगावंच लागतं. "वाईचा."

"वाईत कुठे? गणपती आळी?"

"नाही, गंगापुरी."

"अरे वा! आमच्या मेहुण्याचं सासर तिथलंच!" मग मेहुणा आला, मेहुण्याचा मूतखडा आला, तो कोणत्या काढ्याने पडला नाही आणि कोणत्या काढ्याने पडला तेही आलं. एरवी पाच मिनिटं जागेवर न बसणारी पोरं मूतखडा पडेपर्यंत हलली नाहीत.

बाईंनी आवाज बंद करायला घेतले. आजोबांच्या चौकोनावर नाव होतं 'रेडमी', आणि वर्गात रेडमी पाच. तीन निरपराध पोरं मुकी झाली, आजोबा चालूच. माझ्या चौकोनावर मात्र नाव-आडनाव नीट लिहिलेलं. शाळेची सूचना पाळली होती ना! पहिला म्यूट मीच झालो. माझ्याच घरात.

शाळेत मुलाला मारणं, मानसिक त्रास देणं २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंद आहे. (माझ्या पाठीला तो कायदा उशिरा मिळाला.) पालकाबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही. पोराला उठवायचं मी, गणवेशाचा निदान शर्ट तरी चढवायचा मी, 'कॅमेरा चालू ठेव' म्हणून ओरडायचं मी. शिपाई मी, मॉनिटर मी, वीज माझी, नेट माझं. आणि फी पूर्ण. करोनामुळे २०२१च्या ऑगस्टात सरकारने १५ टक्के फीकपातीचा आदेश काढला, तर शाळेने हात वर केले. पडद्यावरचा तो पिवळा हात नव्हे, खरेखुरे.

दुपारी ग्रुपवर चिरंजीवांच्या नावाने शेरा आला: 'तासात पालकांचा व्यत्यय. वहीत लिहून पालकांची सही आणणे.' मी पेन काढलं.

"तुमची चालणार नाही," चिरंजीव म्हणाले. "आईची लागेल. तक्रार तुमची आहे ना."

बायकोने चष्मा लावून दोनदा वाचलं. अजून सही केलेली नाही.