‘प्लगइन चढत नाही’ म्हणणाऱ्या इतवारीच्या करसल्लागारांना

भाऊ, उबुंटूवर डिजिटल सहीचं टोकन जोडण्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की निम्मी चूक माझीच आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. यांनी उबुंटू २२.०४ या लिनक्सवर डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे सही साठवलेलं यूएसबी उपकरण, फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचा प्रयत्न केला. टोकनचं मॉड्यूल, म्हणजे ब्राउझरला टोकनशी बोलायला लावणारी ड्रायव्हरची फाइल, काही चढेना. मग माझ्या लेखात लिहिल्याप्रमाणे स्नॅपचं (उबुंटूच्या बंदिस्त पाकिटातलं) फायरफॉक्स काढून मोझिलाचं, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांचंच, डेब (साधं पॅकेज) बसवलं. टोकन चाललं, पण बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड गेले. दोन दिवसांनी अपडेट झालं तर जुनंच फायरफॉक्स परत हजर आणि टोकन पुन्हा गायब. शेवटी यांचं वाक्य: ‘काऊन लोकायच्या डोक्याला ताप देता? विंडोजवर हे दोन मिनिटांत होते.’

आधी बुकमार्कचं बघू, कारण त्याला मुदत आहे. स्नॅप काढताना तुम्ही ‘पर्ज’ हा काहीच मागे न ठेवणारा पर्याय लावला नसेल (माझ्या लेखात तो नव्हता), तर काढण्यापूर्वी उबुंटू त्या प्रोग्रामच्या डेटाची एक प्रत आपणहून करून ठेवतं. ती ३१ दिवस राहते, मग पुसली जाते. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘स्नॅप सेव्हड’ द्या, यादीत फायरफॉक्ससमोर एक आकडा दिसेल. फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि ‘सुडो स्नॅप रिस्टोअर’पुढे तो आकडा लिहा. स्नॅप परत आलंय म्हणून तुम्ही वैतागलात, पण या कामापुरतं ते आलं ते बरंच झालं. (आज्ञा मुद्दाम देवनागरीत लिहितोय. इंग्रजी अक्षरं स्वतःच्या हातानं टाइप करा. मागच्या वेळी तुम्ही माझ्या ओळी उचलून चिकटवल्या आणि मीही तशाच चिकटवण्यासारख्या लिहिल्या होत्या.)

ही माझी पहिली चूक. स्नॅप काढायची आज्ञा लेखात वर होती आणि प्रोफाइल (बुकमार्क-पासवर्डांचं फोल्डर) जपून ठेवायची सूचना पार खाली. मे महिन्याच्या दुपारी कूलरच्या घरघरीत, एका हातात फोन धरून काम करणारा माणूस खालपर्यंत वाचत नाही, हे मला कळायला हवं होतं.

दुसरी चूक याहून मोठी. उबुंटूच्या भांडारात ‘फायरफॉक्स’ नावाचं जे डेब आहे ते खरं डेबच नाही. ती नुसती पाटी आहे, बसवली की मागून स्नॅप आणते. तिच्या आवृत्तीच्या आकड्याआधी ‘१:’ असा एपॉक, म्हणजे आवृत्तीच्याही आधी मोजला जाणारा आकडा, लावलेला आहे. मोझिलाच्या डेबला एपॉक नाही, म्हणजे तो शून्य धरला जातो. त्यामुळे मोझिलाची आवृत्ती शंभराच्या कितीही पुढे गेली तरी एपीटीच्या (पॅकेजेस बसवणाऱ्या उबुंटूच्या प्रोग्रामच्या) लेखी उबुंटूची पाटीच नवी ठरते आणि अपडेट आलं की ती मोझिलाच्या डेबला बाजूला सारते. तुमच्याकडे दोन दिवसांनी झालं ते हेच.

उपाय म्हणजे पिन, म्हणजे कुठल्या भांडाराला मान द्यायचा ते एपीटीला ठरवून देणं. ‘ईटीसी’मधल्या ‘एपीटी’ फोल्डरात ‘प्रेफरन्सेस डॉट डी’ आहे. तिथे एक फाइल करून तीन ओळी लिहायच्या: सगळी पॅकेजेस, म्हणजे एक तारांकन, उगम मोझिलाचं पॅकेज भांडार, आणि प्राधान्य १०००. प्राधान्य एवढं असलं की एपीटी आकड्यानं ‘जुनं’ वाटणारं पॅकेजसुद्धा निमूट बसवतं. या तीन ओळी माझ्या संगणकावर पहिल्यापासून होत्या, म्हणूनच लेखात लिहायच्या राहिल्या. स्वतःच्या घरचा जिना उतरताना पायऱ्या कोण मोजतो? आता त्या लेखाच्या वरच्या भागात टाकल्या आहेत.

आता जिथे तुमचं माझं पटत नाही तिकडे येतो. तुम्ही लिहिलंय की टोकनच्या ड्रायव्हरची डॉट एसओ फाइल (लिनक्समधली लायब्ररी) तुम्ही आधी घरच्या फोल्डरात, ‘डॉट मोझिला’खालच्या ‘प्लगइन्स’मध्ये टाकली होती, आणि ‘लिनक्सवर प्लगइन असेच बसतात’. बसायचे. फ्लॅशची फाइल आपण सगळ्यांनीच तिथे टाकली आहे. ६४ बिटच्या लिनक्सवर ३२ बिटची फाइल टाकून ‘रॉंग ईएलएफ क्लास’ ही चूक वाचत बसण्यात माझ्याही कितीतरी रात्री गेल्यात. पण मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२ नं फ्लॅश सोडून बाकी सगळे तसले प्लगइन बंद केले आणि जानेवारी २०२१ मध्ये ८५ व्या आवृत्तीत फ्लॅशही गेलं. आता त्या फोल्डराकडे कोणी ढुंकून पाहत नाही. शिवाय टोकनची फाइल प्लगइन नव्हतीच कधी. ते सुरक्षेचं मॉड्यूल आहे. त्याची जागा वेगळी: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सिक्युरिटी डिव्हायसेस, तिथे ‘लोड’.

तुम्ही नंतर तिथेही गेलात आणि ‘अनएबल टु अ‍ॅड मॉड्यूल’ (मॉड्यूल जोडता येत नाही) आलं. त्यावरून तुम्ही ठरवलं की ड्रायव्हरच खराब आहे आणि तो तीनदा पुन्हा बसवला. इथे थोडं थांबायला हवं होतं. स्नॅप म्हणजे त्याच घरात वेगळी खोली करून राहणारा भाडेकरू. त्याच्या खोलीतही ‘यूएसआर लिब’ नावाची कपाटं आहेत, पण ती त्याची. तुम्ही डबा ठेवला तुमच्या कपाटात आणि तो बिचारा त्याच नावाच्या आपल्या कपाटात शोधून राहिला. ड्रायव्हर शंभरदा बसवला असता तरी डबा तुमच्याच कपाटात गेला असता.

म्हणून पुढच्या वेळी काही बसवण्याआधी फक्त बघा. ‘स्नॅप लिस्ट’मध्ये फायरफॉक्स आहे का. ‘एलएसयूएसबी’त, म्हणजे जोडलेल्या यूएसबी उपकरणांच्या यादीत, टोकन दिसतं का. ‘पीसीएससीडी’ ही टोकनशी बोलणारी सेवा चालू आहे का. टोकनचा दिवा लुकलुकतो म्हणजे ती चालू आहे असं नाही. मग ड्रायव्हरच्या फाइलवर ‘एलडीडी’ (तिला लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी आज्ञा) चालवा. कुठे ‘नॉट फाउंड’ आलं तर ती लायब्ररी नाही, एवढंच. यातलं काहीही संगणक बिघडवत नाही. आणि यातून जात असताना टोकनचा पिन (गुप्त आकडा) आठवत नसेल तर अंदाजानं टाकत बसू नका. काही चुकांनंतर टोकन स्वतःला कुलूप लावून घेतं, तिथे माझा लेख काय कामाचा!

विंडोजचं म्हणाल तर खरं आहे. टोकनवाल्याचा इन्स्टॉलर तिथे सगळं करून देतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पन्नास अशील डोक्यावर बसलेले असताना तुम्ही ऑफिसात एक विंडोज मशीन ठेवलंत तर मी नाक मुरडणार नाही. माझ्या ओळखीचे दोघे तसंच करतात आणि उरलेला महिना उबुंटूवर सुखात असतात. पण ‘लिनक्स म्हणजे रिकामटेकड्यांचं काम’ हे काही मला मान्य नाही. तुमच्या संगणकावर जे घडलं ते लिनक्समुळे कमी आणि माझ्या अर्धवट लेखामुळे जास्त घडलं.

पासवर्ड परत आले की घरच्या ‘स्नॅप’ फोल्डरात, फायरफॉक्स, कॉमन या वाटेनं जा आणि तिथलं अख्खं ‘डॉट मोझिला’ कॉपी करून पेन ड्राइव्हवर ठेवा. एकेक फाइल वेचू नका. पासवर्ड एका फाइलीत असतात आणि त्यांची किल्ली दुसऱ्या. मग एपीटीच्या पिनची फाइल करा, आणि त्यानंतरच डेब. ती प्रत घरच्या फोल्डरात ठेवली की नव्या फायरफॉक्समध्ये ‘अबाउट प्रोफाइल्स’ उघडून जुनी प्रोफाइल निवडता येते.

तुम्ही लिहिलंय की स्नॅप १ तारखेला काढलं होतं. आज २६. रिस्टोअर आजच करा, बाकी सगळं उद्या केलं तरी चालेल.