बॅटरीत एप्सम सॉल्ट टाकू नका, आणि तो मॅग्नेशियमचा मेसेजही पुढे ढकलू नका

हा मेसेज मी आधी दोन-तीन ग्रुपवर पाहिला होता आणि सोडून दिला होता. या वेळी तो मामांनी पाठवला, खाली "करून बघतोय" असं लिहून. सोबत फोटो: इन्व्हर्टरच्या बॅटरीची झाकणं उघडी, शेजारी एप्सम सॉल्टची पुडी आणि चमचा. फोन करून थांबवलं. पण मामा एकटे नाहीत, म्हणून आता एकदाच नीट लिहून टाकते.

मेसेजचा सारांश असा: "मॅग्नेशियमची रिचार्जेबल बॅटरी २००० सालीच तयार झाली, पण लिथियम कंपन्यांनी ती दडपली. मॅग्नेशियमचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणून बॅटरी दुप्पट चालते. पाच मिनिटांत चार्ज होते. कधीच पेट घेत नाही. मॅग्नेशियम समुद्रात फुकट आहे. परदेशी सैन्यं ती कधीपासून वापरतात. तुम्हीही घरी हे तंत्र वापरा: कुठल्याही जुन्या बॅटरीत एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट टाका. मॅग्नेशियम प्लेटांवर चढतं आणि बॅटरी नव्यासारखी होते."

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. बाकीच्यांनी फार तर गैरसमज होईल, याने डोळा जाऊ शकतो.

इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड असतं. बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि चार्ज करताना ते मोडतं. बॅटरी महिनोन्महिने अर्धवट चार्ज पडून राहिली, की या सल्फेटचे बारीक कण एकत्र येऊन मोठे, टणक स्फटिक होतात आणि मग चार्जरला दाद देत नाहीत. जुन्या बॅटऱ्या बऱ्याचदा याच दुखण्याने जातात. आता यावर उपाय काय, तर आणखी सल्फेट घाला! द्रावणात सल्फेट आयन (विद्युतभार असलेले कण) जितके जास्त, तितकं लेड सल्फेट विरघळायला नाखूश. समान आयन परिणाम नावाने हे अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात शिकवतात.

आणि मॅग्नेशियम प्लेटांवर चढतं म्हणे. मॅग्नेशियम आयनाचा धातू करायला हायड्रोजनच्या तुलनेत उणे २.३७ व्होल्ट लागतात. पाण्याच्या द्रावणात तिथवर पोहोचायच्या कितीतरी आधी हायड्रोजनचे बुडबुडे सुटू लागतात. पाण्यातून मॅग्नेशियमचा थर चढवणं जमत नाही, म्हणूनच तर मॅग्नेशियम बॅटरीवर काम करणारे लोक पाण्याचा अंशही चालू नये म्हणून बंद पेटीत, आर्गॉन वायूखाली काम करतात. मेसेज लिहिणाऱ्याने ज्या तंत्राचं नाव घेतलं, त्याचीच पहिली अट मोडली आहे.

"पण आमच्याकडे फरक पडला," असं सांगणारे भेटतात. ते खोटं बोलत नसतील. एक म्हणजे हायड्रोमीटर फसवतो. त्याला फक्त द्रावणाची घनता कळते. मीठ विरघळलं, द्रावण जड झालं, आतली तरंगी वर उचलली गेली आणि हिरव्या पट्ट्यात आली. बॅटरीत चार्ज तेवढाच. दुसरं म्हणजे हे लोक मीठ घालतात तेव्हा डिस्टिल्ड वॉटरही भरतात आणि रात्रभर सावकाश चार्जिंगही करतात. थोडीफार सल्फेट झालेली बॅटरी तेवढ्यानेच काही काळ सावरते. श्रेय मात्र पुडीला.

हा वाद नवा असता तर इतका राग आला नसता. अमेरिकेत एडी-एक्स-२ नावाची एक पूड विकली जायची. मुख्य घटक सोडियम सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट, दावा हाच, की जुनी बॅटरी जिवंत होते. तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने चाचण्या करून पुडीत दम नसल्याचं सांगितलं. त्यावरून राजकारण इतकं तापलं, की १९५३ मध्ये वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांनी संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांना पायउतार व्हायला लावलं. वैज्ञानिकांनी गदारोळ केला, ॲस्टिन पदावर राहिले, आणि त्याच वर्षी नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने सगळं तपासून पुडीचा उपयोग नाही असाच निष्कर्ष दिला. सत्तर वर्षांपूर्वी निकाल लागलेली गोष्ट आज "नवं तंत्र" म्हणून फिरते आहे.

शिवाय धोका. चार्ज होणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. झाकणं उघडी, आणि वर पान्याने टर्मिनलवर ठिणगी पाडली तर स्फोट होऊन ॲसिड तोंडावर येतं. आणि मेसेजमध्ये "कुठल्याही जुन्या बॅटरीत" असं लिहिलंय. लिथियम पॅक कुणी उघडायला गेलं तर आत शॉर्ट होऊन तो हातातच पेटू शकतो. तो कधीही, कशासाठीही उघडू नका.

आता "दडपलं". हा मुद्दा मला सगळ्यात हास्यास्पद वाटतो, कारण मेसेजमध्ये उल्लेख आहे तो शोध खरा आहे आणि तो 'नेचर'मध्ये छापून आला आहे. जगभर वाचल्या जाणाऱ्या विज्ञानपत्रिकेत छापून कुणी काय दडपणार? ऑक्टोबर २००० मध्ये इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठातल्या डोरॉन ऑरबाख यांच्या गटाने रिचार्जेबल मॅग्नेशियम बॅटरीचा नमुना मांडला. ॲनोड (ऋण टोक) मॅग्नेशियम धातूचा, कॅथोड (धन टोक) मॉलिब्डेनम आणि गंधकाच्या शेव्रेल प्रकारच्या संयुगाचा. २००० हून जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज करूनही क्षमता १५ टक्क्यांपेक्षा कमी घटली. टिकाऊपणा जबरदस्त, यात वाद नाही.

मग बाजारात का नाही? गुणाकार करून बघा. त्या सेलचा व्होल्टेज साधारण १.१, आणि कॅथोडची क्षमता ग्रॅममागे सुमारे १२० मिलिअँपिअर-तास. म्हणजे कॅथोडच्या किलोमागे १३० वॅट-तासांच्या आसपास. आज स्वस्त समजला जाणारा लिथियम आयर्न फॉस्फेट हा कॅथोड त्याच हिशोबाने ३.४ व्होल्ट गुणिले १६०, म्हणजे सुमारे ५४० वॅट-तास देतो. चौपट फरक. हे दोन्ही आकडे फक्त कॅथोडमधल्या सक्रिय पदार्थाचे. पत्रा, द्रावण, वेष्टन यांचं वजन धरलं की दोन्ही बरेच खाली येतात. एवढा फरक असताना दडपायला कंपनीची गरज नाही, वजनकाटा पुरतो.

गेल्या पंचवीस वर्षांतली धडपड या फरकाभोवतीच चालली आहे, आणि ती मेसेजपेक्षा कितीतरी रंजक आहे. लिथियम धातूवर द्रावणाशी संपर्क येताच एक पातळ पापुद्रा बनतो, पण लिथियम आयन त्यातून ये-जा करू शकतात, म्हणून बॅटरी चालते. लिथियम बॅटरीतली नेहमीची कार्बोनेट द्रावणं मॅग्नेशियमवर घातली, की तिथेही पापुद्रा बनतो, पण तो मॅग्नेशियम आयनांना वाटच देत नाही. धातू आत कोंडला जातो. म्हणून ऑरबाख यांच्या गटाने टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात क्लोरीनयुक्त ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम संयुगं वापरली. पापुद्रा टळला, पण क्लोराइडमुळे स्टीलसारखे धातू गंजतात आणि द्रावण अडीच व्होल्टच्या वर टिकत नाही. मग चांगला कॅथोड शोधून उपयोग काय?

ही कोंडी फोडायचे प्रयत्न उघड प्रकाशित आहेत. टोयोटाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये क्लोराइड नसलेलं, बोरॉनच्या पिंजऱ्यासारख्या आयनाचं मीठ वापरून ३.८ व्होल्टपर्यंत टिकणारं द्रावण दाखवलं. (हो, टोयोटा. दडपणाऱ्यांच्या यादीत मोटार कंपन्या असतील तर यादी दुरुस्त करावी लागेल.) २०२१ मध्ये मेरिलँड विद्यापीठातल्या गटाने 'सायन्स'मध्ये दाखवलं, की द्रावणात मेथॉक्सी गट असलेली अमाइन संयुगं घातली तर मॅग्नेशियम आयनाभोवतीचं द्रावकाच्या रेणूंचं कोंडाळं बदलतं आणि आयन पृष्ठभागावर सहज सुटा होतो. कॅथोडची अडचण अजून चिवट आहे. मॅग्नेशियम आयन आकाराने लिथियमएवढाच, किंचित लहानच, पण भार दुप्पट. त्यामुळे ऑक्साइडच्या जाळीत शिरला की ऑक्सिजन त्याला धरून ठेवतात आणि तो पुढे सरकेनासा होतो. गंधकाच्या जाळीत पकड सैल असते, पण तिथे व्होल्टेज कमी मिळतो.

"दोन इलेक्ट्रॉन म्हणजे दुप्पट" याचं उत्तर इथेच आलं. मेसेज लिहिणाऱ्याला दोन इलेक्ट्रॉन दिसले, पण अणूचं वजन दिसलं नाही: मॅग्नेशियम २४.३, लिथियम ६.९४. ग्रॅममागे लिथियम धातू ३,८६१ मिलिअँपिअर-तास देतो, मॅग्नेशियम २,२०५. घनसेंटिमीटरमागे मात्र चित्र उलटतं: मॅग्नेशियम ३,८३३, लिथियम २,०६२. तेव्हा जागेचा हिशोब केला तर मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, हे मान्य करावंच लागतं. आजच्या बॅटऱ्यांत ॲनोडला लिथियम धातू नसून ग्रॅफाइट असतं, ग्रॅममागे ३७२, आणि त्याच्यापुढे मॅग्नेशियम नक्कीच सरस आहे. पण बॅटरी नुसत्या ॲनोडवर चालत नाही, आणि मॅग्नेशियम ॲनोडमुळे लिथियमच्या मानाने व्होल्टेजही सुमारे ०.६७ व्होल्टने कमी मिळतो.

पाच मिनिटांचं चार्जिंग: ६० किलोवॅट-तासांची बॅटरी पाच मिनिटांत भरायची तर ७२० किलोवॅट लागतात, बॅटरीत काहीही असो. आणि घन पदार्थात रेंगाळणारा आयन घेऊन वेगाची बढाई मारणं म्हणजे कमालच.

"कधीच पेट घेत नाही" यातही थोडं तथ्य आहे. मॅग्नेशियमचा गोळा हवेत लिथियमपेक्षा खूप शांत असतो, ६५० अंशांना वितळतो (लिथियम १८०ला), आणि चार्ज करताना त्याच्यावर काट्यांसारखे डेंड्राइट कमी उगवतात. पण "कमी" म्हणजे "कधीच नाही" नव्हे. २०१९ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संशोधकांनी मिथाइल मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात मॅग्नेशियमचे फांद्या फुटलेले डेंड्राइट वाढताना दाखवले. शिवाय ज्या टेट्राहायड्रोफ्युरानचा वर उल्लेख आला, त्याची वाफ उणे १४ अंशांनाही ठिणगीने पेट घेऊ शकते. आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मारलं तर हायड्रोजन तयार होऊन आग भडकते.

समुद्रात मॅग्नेशियम आहे, लिटरमागे साधारण १.३ ग्रॅम. फुकट नाही. जगातला बहुतेक मॅग्नेशियम धातू चीनमध्ये डोलोमाइट खडकापासून, फेरोसिलिकॉन घालून, सुमारे १२०० अंशांवर निर्वात भट्टीत काढतात. २०२१ मध्ये तिथे वीजकपात झाली आणि या मॅग्नेशियमवर अवलंबून असलेल्या युरोपातल्या ॲल्युमिनियम उद्योगाचे धाबे दणाणले.

सैन्याचं खरं आहे. अमेरिकी सैन्याच्या रेडिओंत मॅग्नेशियम-मँगनीज डायऑक्साइडच्या बॅटऱ्या होत्या, आणि समुद्राचं पाणी शिरताच चालू होणाऱ्या मॅग्नेशियम-सिल्व्हर क्लोराइड बॅटऱ्या टॉर्पेडोत असतात. दोन्ही एकदाच वापरायच्या. टॉर्पेडो परत आणून चार्जिंगला लावत नाहीत.

पुढे कधी "मॅग्नेशियम बॅटरीने लिथियमला गाठलं" अशी बातमी आली, तर ती खरीही असू शकते, काम जोरात चालू आहे. त्यात किलोमागे वॅट-तासांचा आकडा असेल, तर तो संपूर्ण सेलचा आहे की फक्त कॅथोडमधल्या सक्रिय पदार्थाचा, आणि सेल किती विद्युतप्रवाहावर चालवून पाहिला, एवढं शोधा. बातमीत दोन्ही नसेल तर मूळ शोधनिबंध उघडा. तिथे ते लिहावंच लागतं.