गुलाबी पडलेलं कापसाचं फूल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

‘सुकत्या फुलांचे हे रंग फिल्टरचे आहेत. आमच्या परभणीकडं पावसानं ताण दिला की पाते-फुलं गळतात, त्यात सौंदर्य कसलं शोधता?’ असं तुम्ही माझ्या सुकत्या फुलांच्या फोटोंखाली विचारलंत. आधी दुसरा मुद्दा घेतो, कारण तो जास्त जिव्हारी लागणारा आहे.

ताणानं झालेल्या पातेगळीचा, म्हणजे कळ्या गळल्याचा, फोटो नुकसानीची नोंद म्हणून काढावा, भिंतीवर लावायला नाही. इथं मी पूर्ण तुमच्या बाजूचा. पण काम उरकून सुकणारं फूल वेगळं. आपल्याकडच्या कापसाचं फूल सकाळी उमलतं तेव्हा पिवळसर पांढरं असतं. परागीभवन त्याच दिवशी होतं. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी पडतं, पाकळ्या पीळ घालून मिटतात. मग त्यांचा लालसर-जांभळा चोळामोळा कोवळ्या बोंडाच्या टोकाला चिकटून राहतो आणि गळतो. पाकळीत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं, त्याचा तो रंग. फिल्टरचा नाही.

तरी शंका रास्त आहे, कारण रंगात कॅमेराच घोळ घालतो. भोवती नुसती हिरवी पानं असली की ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं आपोआप रंग जुळवणं) हिरवा मारायला जातो आणि गुलाबी भडक होतो. म्हणून व्हाइट बॅलन्स डेलाइटवर (दिवसाच्या उजेडाच्या सेटिंगवर), 5200 केल्विनच्या आसपास ठेवायचा. कडक उन्हात पाकळीच्या शिरा दिसत नाहीत. फुलावर पांढरा पंचा ताणून धरायला कुणाला तरी सोबत घ्या. अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ/8, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 400, आणि शटर 1/250 सेकंदापेक्षा संथ नको, नाहीतर झुळकीनं फूल हलतं. फोकस मुडपलेल्या कडेवर धरायचा, सुरकुत्या तिथंच असतात. मोबाइलवर त्याच कडेवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा. नुकत्याच फवारलेल्या रानात मात्र फोटोसाठी शिरू नका.

दसऱ्याच्या तोरणातला वाळका झेंडू घरात, काळ्या कापडावर, खिडकीच्या तिरप्या उजेडात टिपायचा. काळं दिसलं की कॅमेरा फोटो जास्तच उजळतो. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) उणे 2/3 ते उणे 1 करा. वर पाणी शिंपडायचं नाही, वाळकी पाकळी लगेच लिबलिबीत होते.

फूल कितव्या दिवसाचं आहे, हे फोटोंखाली लिहायचं राहिलं होतं. ती चूक माझी. आज प्रत्येक फोटोखाली दिवस आणि व्हाइट बॅलन्स लिहितोय.