संपात हा ऋतूचा आरंभ नव्हे, मध्य
लेखात वसंतसंपाताला, म्हणजे मार्चमधल्या दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसाला, चिनी वसंताचा पहिला दिवस म्हटले आहे, त्याविषयी एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. चिनी पंचांगात वसंत ‘लीछुन’ला, म्हणजे ४ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो, २० किंवा २१ मार्चला येणारा ‘छुनफन’, म्हणजे वसंतसंपात, हा त्या ऋतूचा मध्य असतो, आणि ‘फन’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘विभागणे’ असा आहे. सप्टेंबरातल्या ‘छ्यूफन’ला, म्हणजे शरदसंपातालाही हेच लागू पडते.

मला अधिक मोलाचा वाटतो तो या पंचांगातला १६४५ सालचा बदल. तोवर लीछुन, छुनफन यांसारखे वर्षाचे २४ भाग दिवसांच्या हिशेबाने सारखे पाडले जात, त्यामुळे पंचांगातला वसंतसंपात खऱ्या संपाताच्या सुमारे दोन दिवस मागे पडे, तर शरदसंपात तितकाच आधी येई. १६४५पासून सूर्याचे प्रत्यक्ष स्थान प्रमाण मानले गेले आणि दर १५ अंशांना एक भाग ठरला. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असल्याने वेगाने फिरते, म्हणून शरदसंपात ते वसंतसंपात हे अंतर जेमतेम १७९ दिवसांचे, उरलेले अर्धे मात्र १८६ दिवसांचे भरते.

छुनफन ज्या चांद्रमासात येतो तो दुसरा, छ्यूफनचा आठवा; २४ पैकी असा एकाआड एक येणारा बिंदू ज्यात पडत नाही तो महिना अधिक ठरू शकतो. आपल्याकडे संक्रांतीविना जाणारा महिना अधिक मास ठरतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

बीजिंगमध्ये १५३० साली बांधलेल्या सूर्यवेदीवर वसंतसंपाताला आणि चंद्रवेदीवर शरदसंपाताला राजपूजा होत असे, याचाही उल्लेख लेखात यायला हवा होता.