जुनी काच, नवे रबर

माडाखाली गाडी लावू नये, हे कोकणात शाळकरी पोरसुद्धा सांगते. मला ते ठाऊक होते, तरीही यंदाच्या मे महिन्यात गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी भर उन्हात सावली शोधण्याच्या नादात मी वडिलांची 1988 सालची प्रीमियर पद्मिनी माडाखाली उभी केली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्या मागच्या काचेवर नारळ पडला. काच फुटली म्हणण्यापेक्षा ती नाहीशी झाली, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. चौकटीत फक्त रबर उरले होते आणि मागच्या आसनावर, पायपुसण्यांवर, डिकीत हरभऱ्याएवढ्या दाण्यांचा सडा पडला होता. नारळ मात्र शाबूत होता. दुपारी त्याची सोलकढी झाली.

नारळाची कथा सांगण्यासाठी ही पोस्ट लिहिलेली नाही. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत मला इतके सल्ले मिळाले, आणि त्यांतले बहुतेक इतके आत्मविश्वासाने दिलेले व इतके चुकीचे होते, की जुनी गाडी सांभाळणाऱ्या इतरांसाठी हे एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. माझे मत आधीच सांगून टाकतो: अशा गाडीला काच जुनी चालते, रबर जुने चालत नाही, आणि दोन्हींच्या आधी पत्र्याकडे पाहावे लागते. लोक नेमके याच्या उलट करतात. नव्या कोऱ्या काचेच्या शोधात महिनोन् महिने घालवतात आणि ती मिळाली की तेच कडक झालेले जुने रबर पुन्हा चढवून मोकळे होतात.

मुळात मागची काच अशी दाणेदार का फुटते, हे समजले की अर्धे सल्ले आपोआप बाद होतात. गाडीची पुढची काच आता दोन पातळ काचांमध्ये प्लास्टिकचा पारदर्शक थर घालून केलेली असते. तिला तडा गेला तरी ती जागेवर राहते आणि तडा लहान असेल तर त्यात राळ भरून काम भागवता येते. मागची काच वेगळ्या जातीची आहे. बाजारात तिला ‘टफन’ म्हणतात. हवा तो आकार कापून, कडा घासून झाल्यावर ती सहाशे अंश सेल्सियसच्या वर तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारून झटक्यात निववतात. पृष्ठभाग आधी आवळला जातो, गाभा मागाहून आवळायला लागतो, त्यामुळे बाहेर कायमचा दाब आणि आत कायमचा ताण राहतो. हेच तिचे बळ. पण एखादी इजा त्या दाबाच्या थरातून गाभ्यापर्यंत पोहोचली की साठलेला सगळा ताण एकदम मोकळा होतो आणि अख्खी काच क्षणार्धात दाणे होऊन कोसळते. म्हणून ती दुरुस्त होत नाही, आणि एकदा टफन झाल्यावर कापता किंवा घासून बसवताही येत नाही. “दुसऱ्या गाडीची मोठी काच आणून कडेने कापून घ्या ना,” असे मला तीन जणांनी सुचवले. त्यांतले एक गृहस्थ अभियंते आहेत.

गावात काच मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जाड प्लास्टिक चिकटपट्टीने लावून कुंभार्ली घाटाने पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटरांहून जास्त प्रवास करावा लागला. त्यात एक गोष्ट शिकलो, ती इथे नोंदवतो. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धुराड्यातून निघालेला धूर तिथेच घोटाळतो; मागची काच उघडी असेल तर तो आत ओढला जातो. या गाडीला धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, ते आपल्याकडे 1995 पासून आणि तेही आधी चार महानगरांत सक्तीचे झाले. घाट चढताना प्लास्टिकची एक बाजू सुटली आणि दहा मिनिटांत पत्नीचे डोके दुखू लागले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे डोके दुखणे हीच पहिली सूचना समजावी. पुढच्या दोन्ही काचा पूर्ण खाली घेऊन, वेग कमी ठेवून आम्ही उरलेला रस्ता कापला.

विम्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. या वयाच्या बहुतेक गाड्यांचा विमा केवळ त्रयस्थ पक्षापुरता असतो, त्यात स्वतःच्या काचेला एक पैसा मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असेल तर काचेच्या भागांवर घसारा धरत नाहीत, पण रबराच्या भागांवर 50 टक्के धरतात. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 रुपये आपल्या खिशातून जातात आणि दावा न केल्याची जी सवलत 50 टक्क्यांपर्यंत पोहोचलेली असते, ती गमवावी लागते. एका जुन्या काचेसाठी हा व्यवहार करण्यात अर्थ नाही.

आता सर्वांत लोकप्रिय सल्ल्याकडे येतो: ॲक्रिलिकचा, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचा, तुकडा कापून बसवा. माझ्या एका जुन्या मित्राने स्वतःच्या गाडीला तसे केले आहे आणि ते किती स्वस्तात झाले, हे तो प्रत्येक भेटीत सांगतो. स्वस्तात झाले यात शंका नाही. परंतु ॲक्रिलिक उन्हाने काचेच्या सातआठ पट प्रसरण पावते, म्हणजे मे महिन्यात ते रबरात फुगून बसणार आणि जानेवारीत सैल होऊन खडखडणार. धुळीच्या फडक्याने त्यावर ओरखडे पडतात आणि वर्षभरात मागून येणाऱ्या वाहनाचे दिवे चांदण्यांसारखे फुटलेले दिसू लागतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 100 प्रमाणे मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे आणि ती सुरक्षा काच असली पाहिजे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी दाखवायला न्यावी लागते, तेव्हा निरीक्षकापुढे ॲक्रिलिकचे समर्थन करत उभे राहण्याची माझी तयारी नाही. मित्र रागावला तरी चालेल.

मग काच शोधायला निघालो. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत ‘पद्मिनी’ हे नाव काढल्यावर जुन्या मालकांच्या चेहऱ्यावर हसू येते, पण मांडणीवर माल नसतो. रविवारचा जुना बाजारही पालथा घातला. तिथे हेडलाइटच्या रिंगा मिळाल्या, काच नाही. शेवटी कुर्ल्याला गेलो, आणि तेच योग्य होते. ही गाडी कुर्ल्याच्याच कारखान्यात बनत असे. 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने तिथून बाहेर पडलेल्या हजारो गाड्या मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून राबल्या आणि आयुष्य संपल्यावर त्याच परिसरातल्या भंगारवाल्यांकडे परतल्या. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती. शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला झाली होती, म्हणजे 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. सुट्या भागांचा वाहता झरा तेव्हाच आटला. सीएसटी रोडवरच्या ज्या चाचांकडे मी पोहोचलो, ते म्हणाले, “साहेब, पाच वर्षांपूर्वी आला असतात तर दहा काचा समोर ठेवल्या असत्या. आता दोन आहेत, त्यातली एक तुम्ही घेऊ नये असं मीच सांगतो.”

अशी माणसे व्यापारात टिकून आहेत, याचे मला कौतुक वाटते. त्यांनी नको म्हटलेल्या काचेच्या खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला होता. टफन काचेचे मर्म तिच्या कडेत असते. मधोमध हातोडीचा हलका ठोका ती सोसेल, पण कडेला टवका असलेली काच बसवताना किंवा पुढे एखाद्या खड्ड्यात पिळली जाताना दगा देते. म्हणून जुनी काच घेताना चारही कडांवरून बोट फिरवावे, जपून. दुसरे, कोपऱ्यातली कोरीव खूण वाचावी. त्यात उत्पादकाचे नाव आणि मानकाचा क्रमांक असतो. खूणच नसेल तर ती साधी काच वाकवून खपवलेली असण्याची शक्यता असते आणि साधी काच सुऱ्यांसारखी फुटते. तिसरी युक्ती चाचांची नव्हे, माझी. पोलरॉइडचा गॉगल घालून काच आकाशाच्या उजेडात तिरपी धरली की टफन काचेवर चित्त्याच्या अंगावर असतात तसे फिकट ठिपके दिसतात. ते हवेच्या झोतांनी उमटवलेले असतात. साध्या काचेवर ते दिसत नाहीत. गॉगल घालून भंगाराच्या दुकानात काच न्याहाळणारा इसम हास्यास्पद दिसतो, हे मान्य.

मिळालेल्या काचेवर जुन्या टॅक्सीवाल्याने लावलेली काळी फिल्म होती. 2012 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा फिल्मवर बंदी घातली, तेव्हाच ती निघायला हवी होती. साबणाचे गरम पाणी आणि प्लास्टिकची पट्टी यांनी ती निघाली. या काचेवर धुके घालवण्यासाठी तापणाऱ्या तारा नसतात, पण ज्यांच्या नव्वदीनंतरच्या गाडीत त्या आहेत त्यांनी आतून पाते अजिबात फिरवू नये. त्या रेषा चांदीमिश्रित लेपाच्या असून काचेवर भाजलेल्या असतात, आणि एक जरी खरवडली गेली तरी ती रेष थंड पडते. जुनी काच विकत घेतानाच तारांच्या दोन्ही टोकांना विजेचे मीटर लावून पाहिलेले बरे.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका त्यालाच कोणी वेळ देत नाही. चौकटीतले जुने रबर कापून काढले तेव्हा खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पत्रा उरलेलाच नव्हता. बोटाने दाबताच तपकिरी भुगा पडला. काच फुटली नसती तर ते कधी कळलेच नसते. रबर पंधरावीस वर्षांत कडक होते, कोपऱ्यात आक्रसते, तिथून पावसाचे पाणी आत शिरते आणि काचेच्या खालच्या ओठावर साचून राहते. मागच्या फळीवरची बुरशी, डिकीतला कुबट वास, पावसाळ्यात ओलसर राहणारे आसन, या सगळ्यांचा उगम तिथे होता आणि आम्ही दहा वर्षे डिकीच्या रबराला दोष देत होतो. याआधी कोणीतरी त्या फटीत घरगुती सिलिकॉन भरून ठेवले होते. सुकताना ज्याला शिरक्याचा वास येतो, ते सिलिकॉन ॲसेटिक आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्याला गंज चढवते. शिवाय त्याचा अंश राहिला तर त्या जागी रंग धरत नाही. गळती बंद करण्यासाठी भरलेल्या वस्तूनेच पत्रा खाल्ला होता.

डेंटरने सुचवले की भोकांवर जाळी ठेवून लांबी (पुट्टी) भरू, वरून रबर येणारच आहे, कोणाला दिसणार. मी नको म्हटले. रबराची पकड ज्या पातळ कडेवर असते ती कडाच लांबीची असेल, तर काच बसवताना ती तुकडे होऊन निघेल. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा झाळला, कड नीट घडवली, गंजरोधक प्रायमरचे दोन हात दिले, रंग दिला आणि चार दिवस गाडी तशीच वाळत ठेवली. या कामाला काचेच्या दुप्पट पैसे गेले. ते गेल्याचे मला वाईट वाटत नाही.

नवे रबर मुंबईतल्या एका दुकानदाराने साच्यातले, मूळ आडव्या छेदाबरहुकूम मिळवून दिले. काच बसवणारे मिस्त्री सत्तरीच्या जवळ आले आहेत आणि त्यांचा मुलगा त्यांच्या हाताखाली असतो. बसवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. आधी काचेच्या भोवती रबर चढवायचे. रबराच्या बाहेरच्या खाचेत, जिथे पत्र्याची कड शिरणार, तिथे सुतळी घालून तिची दोन्ही टोके खालच्या बाजूला मधोमध एकमेकांवरून ओलांडून आत सोडायची. मग सगळ्या खाचेला साबणाचे पाणी लावायचे. तेल किंवा ग्रीस लावलेले मिस्त्रींना चालत नाही आणि त्यांचे बरोबर आहे, खनिज तेलाने रबर फुगते. बाहेरून एकाने तळहातांनी काच दाबून धरायची, आत बसलेल्याने सुतळी हळूहळू ओढायची; सुतळी जसजशी निघते तसतसा रबराचा ओठ कडेवरून पलटून आत येतो. मुलाने एका कोपऱ्यात घाई केली तेव्हा मिस्त्री एवढेच म्हणाले, “अरे, ओढू नकोस, येऊ दे तिला.” पाऊण तासात काच बसली. खाचेत कधीही न सुकणारा काळा लगदा मात्र मी आग्रहाने भरून घेतला. नंतरच्या गाड्यांच्या काचा युरेथेनने थेट पत्र्याला चिकटवतात, त्या तारेने कापून काढाव्या लागतात. तिथे सुतळीचे काम नाही, आणि चिकटा पुरता धरेपर्यंत गाडी हलवायची नसते.

दुसऱ्या दिवशी आतल्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरली, पत्नी बॅटरी घेऊन मागच्या आसनावर बसली आणि मी नळीने आधी खालून, मग हळूहळू वर पाणी सोडले. उजव्या वरच्या कोपऱ्यात पावडरवर एक बारीक ओघळ उमटला. मिस्त्रींनी रबराचा ओठ उचलून तिथे लगदा पुन्हा भरला. आता पावसाचा दीड महिना उलटला आहे आणि डिकीत ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा आहे. काचेचे दाणे अजूनही निघतात. काल स्टेपनीच्या खड्ड्यात चार सापडले.

पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचांची रबरे याच मार्गाने बदलायची आहेत. डाव्या बाजूचे मिळाले, उजव्या बाजूचे साच्यातले नवे रबर कोणाच्या माहितीत असेल तर कृपया कळवावे. जुने, वापरलेले नको.