बफेलो नदीवरचा एक दिवस : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या बफेलो नदीवर कॅनूतून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद नावेतून, एका दिवसाची सहल कशी आखावी, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. पोन्का ते काइल्स लँडिंग या टप्प्याचे वर्णन चार ओळींत उरकून मी तयारीचेच पाल्हाळ लावले, हा पहिला. कंबरभर पाण्यात लाइफ जॅकेटचा आग्रह धरणे आणि एप्रिलमध्ये नदीपर्यंत जाऊन नाव पाण्यात न टाकताच परतणे हा निव्वळ भित्रेपणा आहे, लहानपणी सांगलीच्या घाटावरून कृष्णेत उड्या टाकलेल्या माणसाला तर तो हास्यास्पद वाटतो, हा दुसरा. आणि लेखातल्या चौथ्या छायाचित्रात खुद्द माझ्याच जॅकेटची बकले उघडी आहेत, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो शंभर टक्के खरा आहे. हेम्ड-इन हॉलोचा 209 फुटी धबधबा पाहून आम्ही नदीवर परतलो होतो, जेवण झाले होते, ऊन लागत होते आणि मी वरची दोन्ही बकले सोडून वल्हवत होतो. उघडे जॅकेट पाण्यात पडताच हनुवटीपर्यंत वर सरकते आणि हात वर गेले की अंगातून निसटू पाहते. म्हणजे ते घातल्याचे समाधान तेवढे मिळते. छायाचित्र काढून न टाकता मी त्याखाली ही चूक नोंदवली आहे.

पोहण्याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. या नदीत खोल पाण्यात बुडण्यापेक्षा अडकण्याची भीती मोठी असते. वळणाच्या बाहेरच्या काठाला प्रवाह जमीन कोरतो, तिथले सिकॅमोरचे झाड आडवे होते आणि मुळे काठाला धरून फांद्या पाण्यात पसरते. पाणी त्या फांद्यांतून गाळणीतून गेल्यासारखे निघून जाते. नाव आणि माणूस जात नाहीत. मागच्या वर्षी आमची नाव अशाच एका झाडावर आडवी लागली होती. पाणी मांडीपर्यंतच होते, पण नाव प्रवाहाच्या वरच्या बाजूला कलली, तिच्या कडेवरून पाणी आत आले आणि तिघांनी मिळून ओढूनही ती वीतभर हलेना. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे शाळेत पाठ केलेले गणित मला त्या पंधरा मिनिटांत खऱ्या अर्थाने कळले. अशा पाण्यात घाबरून उभे राहायला गेले आणि पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकले, तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही प्रवाह पालथा पाडतो. म्हणून नाव उलटली तर उभे राहायचे नाही. उताणे होऊन, पाय पुढे आणि वर ठेवून, संथ पाणी येईपर्यंत वाहत जायचे, आणि तसे वाहताना तोंड पाण्याबाहेर ठेवायला जॅकेट लागते.

आता तयारीच्या पाल्हाळाविषयी. सह्याद्रीतल्या घाटवाटेवर दमलो तर मागे फिरता येते. पोन्काहून निघाल्यावर थोड्याच अंतरावर स्टील क्रीक लागते आणि ते मागे पडले की पुढचे सुमारे आठ मैल काइल्स लँडिंगपर्यंत गाडीचा रस्ता नदीला भेटत नाही. बिग ब्लफचा पाचशे फुटांहून उंच कडा डोक्यावर असतो, मोबाइलला रेंज नसते आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवत परत येणे कोणाला जमणारे नाही. एकूण साडेदहा मैलांना थांबे धरून सहा तास सहज लागतात. त्यामुळे कितीला निघायचे, गाडी खाली कोण नेऊन ठेवणार, कोरडे कपडे बंद पिशवीत आहेत की नाहीत, आणि संध्याकाळी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध घ्यायला कोणाला सांगायचे हे घरी राहिलेल्या कोणाला माहीत आहे का, या सगळ्यांचा निकाल काठावरच लावावा लागतो. वर्णनाला जागा उरली नाही ती त्यामुळे. कडे डोळ्यांना दिसतातच. ही यादी दिसत नाही.

एप्रिलमधल्या माघारीचे कारण सांगलीकराला तरी वेगळे समजावून सांगावे लागू नये. ऑगस्टमध्ये आपल्याकडे सकाळी उठल्यावर आयर्विन पुलाची पातळी विचारतात, चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे पोरांनाही ठाऊक असते, आणि कोयनेतून किती क्युसेक सोडले यावरून उद्याचा अंदाज बांधतात. बफेलोवर धरणच नाही. लष्कराच्या अभियंता विभागाची इथे धरणे बांधण्याची योजना होती; तिला लोकांनी वर्षानुवर्षे विरोध केला आणि 1972 मध्ये ही अमेरिकेतली पहिली ‘राष्ट्रीय नदी’ घोषित झाली. ते चांगलेच झाले, पण त्यामुळे डोंगरात पडलेला पाऊस अडवायला वाटेत काही नाही. त्या दिवशी पोन्काच्या मापकावर पाणी अजून ‘मध्यम’ होते, मात्र नदीच्या वरच्या अंगाला बॉक्सलीच्या मापकाचा आकडा पहाटेपासून चढत होता. आम्ही पुलाजवळ पोचलो तेव्हा पाणी चहाच्या रंगाचे झाले होते आणि त्यातून अख्ख्या फांद्या वाहत येत होत्या. गाडीच्या बॉनेटवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही बेंटनव्हिलला परतलो. मुले दिवसभर फुरंगटून होती. एकटा आकडा पाहू नये, तो चढतो आहे की उतरतो आहे ते पाहावे, हे मूळ लेखात नीट लिहायचे राहिले. ती उणीव आपल्या प्रतिक्रियेमुळे लक्षात आली.

जुलैमध्ये आपण मुलाकडे येणार आहात आणि नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन याच टप्प्यावर जायचे म्हणता. तो बेत बदलावा. पोन्काच्या बाजूला जुलैत बहुधा पाणीच नसते. अर्धा दिवस नाव गोट्यांवरून ओढण्यात जाईल. त्याऐवजी खालच्या अंगाला बफेलो पॉइंट ते रश हा साडेसात मैलांचा टप्पा घ्यावा. नदी तिथे रुंद आणि बरीच शांत आहे, आणि रशला जस्ताच्या जुन्या खाणींचे ओसाड गाव पाहता येते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी नावेत जॅकेट घातलेच पाहिजे असा आर्कान्साचा कायदा आहे, आणि काचेची बाटली नदीवर नेता येत नाही, तेव्हा लोणच्याची बरणी घरी ठेवावी. सकाळी शटलने आधी रशला जाऊन उतरण्याची जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवा, कारण ती हुकली तर पुढचा रस्ता थेट व्हाइट नदीवर बफेलो सिटीला लागतो, सुमारे चोवीस मैलांवर.