एकूण किती कापणार, हे सही घेण्यापूर्वी सांगा

परदेशी पैसे पाठवण्याचे शुल्क पाचशे किंवा हजार रुपये, असे बँकेच्या दरपत्रकात छापलेले असते आणि तेवढाच खर्च येईल असे समजून माणूस शाखेत जातो. खरा खर्च त्या दरपत्रकात कुठेच नसतो. तो विनिमय दरात मुरवलेला असतो, त्याची वेगळी पावती मिळत नाही, खात्याच्या उताऱ्यात त्याची ओळ दिसत नाही आणि विचारल्यावर शाखेतल्या कुणालाही तो रुपयांत सांगता येत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्याची बचत मोडणाऱ्या लोकांशी राजरोस असा व्यवहार केला जातो, याचा मला मनस्वी संताप आहे.

माझी मुलगी जर्मनीत शिकते. तिथल्या विद्यार्थी व्हिसासाठी बहुतेकांना वर्षाच्या राहण्याखाण्याचा खर्च आधीच एका ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, भरावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992 युरो, अशी ठरलेली आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून बाजारात एक युरो 100 रुपयांना आहे असे धरू. बँकेने तुम्हाला तो 102 रुपये 50 पैशांना विकला, तर नुसत्या दराच्या फरकापोटी तुमच्या खिशातून 29,760 रुपये जातात. दरपत्रकातले हजार रुपये या रकमेसमोर किरकोळ आहेत. एका मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा किराणा, वीजबिल आणि औषधपाणी ज्यात भागेल एवढी रक्कम कुणी न सांगता काढून घेतली, तर एरवी आपण पोलिसांत जाऊ. इथे मात्र त्यालाच ‘आजचा रेट’ म्हणतात.

मी काउंटरवर सरळ विचारले की बाजारभाव आणि तुमचा दर यांत किती अंतर आहे. उत्तर मिळाले, “काका, रेट सिस्टिममधून येतो, आमच्या हातात काही नसतं.” हे अर्धेच खरे आहे. कारण नेहमी मोठ्या रकमा पाठवणाऱ्या ग्राहकाने फोन केला की ट्रेझरीकडून, म्हणजे बँकेच्या चलन व्यवहार पाहणाऱ्या विभागाकडून, खास दर मागवला जातो आणि तो मिळतोही. म्हणजे दर कमी करता येतो, पण ज्याला मागायचे माहीत आहे त्याच्यासाठीच. जिल्ह्याच्या गावी बसून परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म पहिल्यांदाच भरणाऱ्या आईबापांना हे कोण सांगणार? डॉलर घेणाऱ्यांसाठी तर रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने 2019 मध्ये एफएक्स-रिटेल नावाची सोय सुरू झाली, जिथे सामान्य ग्राहकालाही बाजारातल्या दराने डॉलर घेता येतो आणि बँकेने आपले शुल्क वेगळे दाखवायचे असते. अमेरिकेत मुले असलेल्या माझ्या ओळखीच्या पालकांपैकी एकालाही त्यांच्या शाखेने या सोयीचे नाव सांगितले नव्हते.

दरानंतर करांची पाळी येते. चलन बदलून घेण्याच्या सेवेवर जीएसटी लागतो आणि तो बँकेने घेतलेल्या शुल्कावर नव्हे, तर रकमेच्या टप्प्यांनुसार ठरवलेल्या मूल्यावर मोजला जातो. बारा लाखांच्या आसपास रकमेवर तो हजार रुपयांच्या जवळपास होतो. त्याबद्दल माझी फार तक्रार नाही, निदान तो छापील नियमाने आणि पावतीवर दिसून जातो. टीसीएसचे, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून सरकारकडे भरते त्या आयकराचे, दुखणे अधिक खोल आहे. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये, वर्षाकाठी दहा लाखांच्या वर शिक्षणासाठी स्वतःचे पैसे पाठवणाऱ्याकडून वरच्या रकमेवर 5 टक्के कर आगाऊ घेतला गेला, तर मान्यताप्राप्त संस्थेकडून शैक्षणिक कर्ज काढून पाठवणाऱ्याला 1 एप्रिल 2025 पासून तो माफ झाला. कर्जदाराला मिळालेली सवलत योग्यच आहे. पण ज्याने कर्जाचे ओझे मुलीच्या डोक्यावर नको म्हणून भविष्य निर्वाह निधी मोडला, त्याने काय गुन्हा केला? विवरणपत्र भरल्यावर ही रक्कम परत मिळते, हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. फी भरायची मुदत आज असते आणि परतावा येतो कित्येक महिन्यांनी. मधल्या काळात ते पैसे कुठून उभे करायचे, हे सांगायला कुणी येत नाही.

एवढे सगळे देऊन पाठवलेली रक्कम तिकडे पूर्ण पोहोचेल, याचीही शाश्वती नाही. 1973 मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली स्विफ्ट ही यंत्रणा स्वतः पैसे नेत नाही, ती फक्त बँकांमधले निरोप पोहोचवते. पैसे एका बँकेकडून दुसऱ्या बँकेच्या खात्यात असे सरकत जातात आणि वाटेतली मध्यस्थ बँक आपले शुल्क त्याच रकमेतून कापून घेऊ शकते. अर्जावर ‘अवर’ की ‘शेअर्ड’ अशी एक बारीकशी चौकट असते. पहिला पर्याय निवडला तर वाटेतला खर्च पाठवणाऱ्याने उचलायचा, दुसरा निवडला तर तो पोहोचणाऱ्या रकमेतून कापला जातो. माझ्या अर्जावर ही खूण मला न विचारता कर्मचाऱ्याने केली होती आणि तिकडे वीस-बावीस युरो कमी पोहोचले. ऐकायला ही रक्कम क्षुल्लक वाटेल. पण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठरलेली रक्कम पूर्ण जमा झाल्याशिवाय तसे प्रमाणपत्र मिळत नाही, प्रमाणपत्राशिवाय व्हिसाची फाइल पुढे सरकत नाही, आणि ते वीस-बावीस युरो पाठवण्यासाठी पुन्हा तोच फॉर्म, पैसे कशासाठी पाठवतो ते सांगणारा तोच पर्पज कोड, तेच शुल्क आणि तीच रांग. मुलगी व्हिसाच्या तारखेकडे डोळे लावून बसलेली असताना शाखेतून मला ऐकवण्यात आले की मध्यस्थ बँक किती कापेल हे आम्हाला माहीत नसते. ज्याला माहीत नसते त्याने ते आधी सांगायला हवे, नंतर नव्हे.

सुरक्षिततेचा विचार केला की राग आणखी वाढतो. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला वीस रुपये देताना यूपीआय मला आधी त्याचे नाव दाखवते. बारा लाख रुपये जर्मनीला पाठवताना मात्र मी लिहिलेला आयबॅन, म्हणजे तिकडचा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, नेमका कुणाचा आहे, हे मला कुठेही दिसले नाही. युरोपात आता युरोमध्ये पैसे पाठवताना नाव आणि खाते जुळते का, हे बँकेने आधी तपासून सांगायचे असते. इथून पाठवणाऱ्याला ती सोय कुणी दिलेली नाही. विद्यापीठाच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलमध्ये ‘खाते क्रमांक बदलला आहे’ एवढेच लिहून फी लुटणाऱ्यांचे त्यामुळे फावते. म्हणून खाते क्रमांक बदलल्याचे पत्र आले, तर त्या पत्रातल्या नव्हे, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या फोन क्रमांकावर विचारून घ्यावे, हे मी भेटेल त्या पालकाला सांगतो. ते सांगण्याचे काम बँकेचे होते.

हा अधिकृत रस्ता इतका महाग आणि किचकट ठेवल्यामुळेच मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत दुसरे प्रस्ताव फिरतात: तुझ्या बाबांना इथे माझ्या माणसाच्या खात्यात रुपये भरायला सांग, मी तुला तिथे युरो देतो, दरही चांगला देतो. हा व्यवहार फेमा या परकीय चलनविषयक कायद्याच्या विरुद्ध आहे. समोरचे पैसे सायबर चोरीचे असतील, तर खाते गोठते आणि चौकशी आपल्या मुलांच्या मागे लागते. कुणीही या वाटेला जाऊ नये. पण एकोणीस-वीस वर्षांची मुले त्या वाटेकडे का पाहतात, याचा विचार परकीय चलनाचे परवाने बाळगणाऱ्यांनी कधी केला आहे का?

पैसे पाठवणे सोपे आणि स्वस्त होऊ शकत नाही असे कुणी म्हणू नये. 21 फेब्रुवारी 2023 रोजी भारताचे यूपीआय आणि सिंगापूरची तशीच पेनाऊ ही यंत्रणा जोडली गेली आणि मोबाइलवरून तिकडे पैसे पाठवता येऊ लागले. दिवसाला 60,000 रुपयांची मर्यादा असल्याने फीसाठी त्याचा उपयोग नाही, पण तंत्र आहे हे तर सिद्ध झाले. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये ठरवलेल्या उद्दिष्टांत, स्थलांतरितांनी घरी पाठवलेल्या पैशांवरचा खर्च 2030 पर्यंत 3 टक्क्यांच्या आत आणायचे नमूद आहे. आखातात राबणाऱ्या रत्नागिरीच्या माणसासाठी ते हवेच, आणि त्यासाठी आपले सरकार परदेशात बोलते हेही चांगले आहे. मग इथून बाहेर पाठवणाऱ्याच्या खर्चाबद्दल इतके मौन का?

बँकिंग लोकपालाकडे जा, असा सल्ला मला मिळाला. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार घेतली जात नाही, आणि दर किती लावायचा हा व्यावसायिक निर्णयच ठरतो. म्हणूनच नियम हवा. सही घेण्यापूर्वी एका कागदावर लिहून द्या: खात्यातून एकूण किती रुपये जाणार, पलीकडे नेमके किती युरो पोहोचणार, आणि त्या क्षणीच्या बाजारदराने तेवढ्या युरोंचे किती रुपये झाले असते. पुढच्या हप्त्याच्या वेळी मी हे लेखी मागणार आहे आणि जी बँक देईल तिच्याकडेच पैसे भरणार आहे.